रंगाईचं सांडपाणी आणि नाशिकचं ऊन: छोट्या कारखान्यासाठी पायरी-पायरीने

राणी रंगाच्या रेशमी लडी पातेल्यातून काढून झाल्या की उरलेलं पाणी एका बादलीत घ्या आणि वाकून बघा. बादलीचा तळ दिसत नाही. हात बुडवला तर बोटं दुसऱ्या दिवसापर्यंत गुलाबी राहतात. येवल्याचा रंगारी असो, मालेगावचं छोटं प्रोसेसिंग युनिट असो, नाहीतर सातपूर-अंबडमधली एखादी लहान कंपनी असो, या बादलीचं करायचं काय हा प्रश्न सगळ्यांपुढे रोज असतो. नासर्डी नदी गोदावरीला मिळते आणि गोदावरी पुढे नांदूरमध्यमेश्वरला जाते. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा. वरच्या अंगाला नाल्यात सोडलेलं शेवटी तिथवर पोचतं.

मी नाशिक परिसरात सांडपाणी प्रक्रियेची कामं करतो. अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो: "टायटॅनियमची पावडर टाकून पाणी उन्हात ठेवलं की साफ होतं म्हणे, खरं का?" खरं आहे. पण ऊन हे शेवटच्या टप्प्याचं हत्यार आहे. त्याच्या आधीची कामं न करता बादली उन्हात ठेवली तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात. आणि उन्हाने रंग गेला म्हणजे घाण गेली असं नाही. हा लेख या दोन गोष्टी मनात ठेवून लिहिला आहे.

प्रकाश नेमकं काय करतो

१९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की पाण्याचं विघटन होऊ शकतं. त्याच गुणाचा उपयोग पुढे सांडपाण्यासाठी झाला. कणावर प्रकाश पडतो, त्यातला इलेक्ट्रॉन उडतो, मागे रिकामी जागा राहते आणि त्या जागेतून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. हे रॅडिकल क्लोरीन आणि ओझोनपेक्षाही जास्त आक्रमक असतं. समोर जो सेंद्रिय (म्हणजे कार्बनचा) रेणू येईल त्याला ते तोडतं. काम पूर्ण झालं तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार उरतात.

अडचण अशी की टायटॅनियम डायऑक्साइडच्या नेहमीच्या, म्हणजे अ‍ॅनाटेज रूपाला ३८७ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश लागतो. सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. बाकीचं ऊन पाणी तापवतं, पण ही पावडर त्याचा उपयोग करून घेत नाही.

दुसरा रस्ता याहून जुना आहे. फेंटन या रसायनशास्त्रज्ञांनी १८९४ साली लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र केल्यावर होणारं जोरदार ऑक्सिडीकरण नोंदवलं. लोहाने पेरॉक्साइड फोडलं की तेच हायड्रॉक्सिल रॅडिकल मिळतं. त्यावर ऊन पडलं तर वापरलं गेलेलं लोह पुन्हा कामाच्या रूपात येतं, म्हणून लोह कमी लागतं आणि गाळही कमी होतो. याला फोटो-फेंटन म्हणतात. छोट्या कारखान्याला मी हाच रस्ता सुचवतो. हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) स्वस्त मिळतं, उन्हाचा जास्त हिस्सा कामी येतो आणि पाण्यातून बारीक पावडर गाळून काढायची कटकट राहत नाही. बदल्यात अ‍ॅसिड वापरावं लागतं आणि लोहाचा गाळ सांभाळावा लागतो.

पहिली पायरी: पाणी वेगळं ठेवा

सगळ्यात मोठी बचत इथेच होते आणि बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाचा डिंक असतो. वजनाच्या जवळपास पाव भाग तोच. साबण-सोड्याच्या उकळत्या पाण्यात तो काढला की किलोभर रेशमामागे पाव किलोच्या आसपास प्रथिन पाण्यात उतरतं. या पाण्याचा सीओडी (घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) प्रचंड असतो, पण ते जिवाणूंचं आवडतं खाद्य आहे. त्याला ऊन, पेरॉक्साइड काही लागत नाही. हे पाणी रंगाच्या पाण्यात मिसळलं की काय होतं? महागडं रॅडिकल रंगाला सोडून साबण आणि प्रथिन तोडण्यात खर्ची पडतं.

म्हणून तीन पिंपं ठेवा: डिंक काढलेल्या पाण्याचं एक, रंगाच्या पातेल्यातल्या दाट पाण्याचं दुसरं, नंतरच्या धुण्याच्या पाण्याचं तिसरं. पिंपांवर ऑइल पेंटने नावं घाला. कामगार बदलले तरी पिंप चुकत नाही.

नाशिकच्या वायनरीतल्या सांडपाण्यालाही हाच नियम लागू होतो. जानेवारी ते मार्चच्या हंगामात त्याचा सीओडी खूप चढतो, पण तो साखर, अल्कोहोल आणि फळांच्या आम्लांमुळे. ते काम जिवाणूंवर सोपवावं. द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर धुतलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी. त्यातली काही कार्बनयुक्त औषधं प्रकाशाने तुटतात, पण बोर्डो मिश्रणाच्या मोरचुदातलं तांबं तुटत नाही. धातू हे मूलद्रव्य आहे, ते कुठल्याही रॅडिकलने जळून जात नाही. ते गाळात बसवूनच काढावं लागतं. मीठ आणि क्षारांचंही तेच. टीडीएस (विरघळलेले क्षार) जास्त आहे म्हणून कुणी यूव्हीचं, म्हणजे अतिनील दिव्याचं, मशीन विकायला आलं तर त्याला परत पाठवा.

दुसरी पायरी: पाणी ओळखा

पीएच, सीओडी, बीओडी (जिवाणूंना घाण पचवायला लागणारा प्राणवायू), टीडीएस आणि क्लोराइड एवढ्या तपासण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्या. बीओडी आपल्याकडे २७ अंश तापमानाला ३ दिवसांचा मोजतात.

आधी बीओडीला सीओडीने भागा. उत्तर ०.४ च्या पुढे असेल तर पाणी जिवाणूंना पचतं, प्रकाशाची गरज फारशी नाही. ०.२ च्या खाली असेल तर जिवाणू हात टेकतात आणि ऑक्सिडीकरणाचा विचार करायला हवा. मधल्या आकड्यात दोन्ही मिळून चालतं: थोडंसं ऑक्सिडीकरण करून रेणू अर्धवट तोडायचे आणि पुढचं काम जिवाणूंना द्यायचं. पूर्ण जाळत बसण्यापेक्षा हे खूप स्वस्त पडतं.

गाठायचे आकडे लिहून समोर चिकटवा. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ नुसार नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा अशी: सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅम, बीओडी ३०, तरंगते कण १००, पीएच ५.५ ते ९. प्रदूषण मंडळाने दिलेल्या तुमच्या संमतीपत्रात याहून कडक अट असेल तर तीच पाळावी लागते. प्रक्रियेत बदल करण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयात कळवून लेखी उत्तर घ्या.

तिसरी पायरी: जार टेस्ट

सहा एकसारखे काचेचे ग्लास घ्या, प्रत्येकात अर्धा लिटर रंगाचं पाणी. तुरटीचं द्रावण चढत्या मात्रेत घाला. एक मिनिट जोरात ढवळा, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी सावकाश, आणि अर्धा तास स्थिर ठेवा. पीएच ६ ते ७.५ च्या दरम्यान हवा, नाहीतर तुरटीचा गोळा नीट बांधत नाही. ज्या ग्लासात कमी तुरटीत जास्त निवळलं ती तुमची मात्रा.

डिस्पर्स डाय (पाण्यात जवळपास न विरघळणारा रंग) असेल तर तुरटीने बराच रंग खाली बसतो. रेशमाला लागणारे अ‍ॅसिड डाय मात्र पाण्यात पुरते विरघळलेले असतात आणि त्यांचा मोठा भाग वरच राहतो. तरीही ही पायरी सोडू नका. गढूळ पाण्यात प्रकाश शिरत नाही, आणि प्रकाश शिरला नाही तर पुढचं सगळं थांबतं.

चौथी पायरी: तीन बाटल्यांची चाचणी

मोठी ट्रे बांधण्याआधी हे कराच, एका दिवसाचं काम आहे.

निवळलेलं पाणी तीन काचेच्या बाटल्यांत भरा. साधी काच चालते, बोरोसिलिकेट मिळाली तर उत्तम. पॉलिकार्बोनेटची बाटली नको, ती अतिनील प्रकाश जवळजवळ अडवते. पहिल्या बाटलीत काहीच न घालता उन्हात ठेवा. दुसरीत लिटरला अर्धा ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड घालून ती काळ्या कापडात गुंडाळा. तिसरीत तेवढीच पावडर घालून उन्हात ठेवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी तिन्ही हलवा. मत्स्यटाकीचा छोटा हवेचा पंप जोडला तर फार चांगलं, कारण उडालेला इलेक्ट्रॉन उचलायला पाण्यात प्राणवायू लागतो.

नाशिकला सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साधारण साडेबाराच्या सुमाराला. म्हणून सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ धरा.

संध्याकाळी कापड सोडा. दुसऱ्या बाटलीतला रंगही फिका झालेला दिसेल, अंधारात असूनही! ती थोडा वेळ स्थिर ठेवा आणि तळ बघा. पांढरी पावडर गुलाबी झालेली असते. रंग तुटला नाही, नुसता पावडरीला चिकटला. घाण पाण्यातून निघून भुकटीवर जाऊन बसली, एवढंच झालं. तिसऱ्या बाटलीतली पावडर पुन्हा पांढरी दिसली तरच उन्हाने काम केलं असं म्हणता येतं. पहिली बाटलीही फिकी झाली असेल तर तुमचा रंग नुसत्या उन्हानेच उडतो, त्याचं श्रेय पावडरीला देऊ नका. ही तुलना न करता दिलेल्या प्रात्यक्षिकावर विश्वास ठेवून मशीन घेऊ नका.

पावडर हाताळताना मास्क लावा. श्वासावाटे गेलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संभाव्य कर्करोगकारकांच्या गटात ठेवलं आहे. आणि जास्त टाकली म्हणजे जास्त काम असंही नाही. लिटरला एक ग्रॅमच्या पुढे गेलात की पाणी दुधाळ होतं आणि खालचे कण वरच्यांच्या सावलीत जातात.

पाचवी पायरी: फोटो-फेंटनची ट्रे

बाटल्यांनी हुरूप दिला की आता २०० लिटरचा घाणा. समजा तुरटीने निवळल्यावर सीओडी लिटरला ४०० मिलिग्रॅम उरला आहे.

हिशोब असा. १ ग्रॅम सीओडी पूर्ण संपवायला २.१२५ ग्रॅम शुद्ध पेरॉक्साइड लागतं. म्हणजे लिटरला ८५० मिलिग्रॅम, २०० लिटरला १७० ग्रॅम. बाजारात ५० टक्क्यांचं मिळतं, तेव्हा ३४० ग्रॅम, मापाने सुमारे २८५ मिलिलिटर. पुढे जिवाणूंची टाकी असेल तर याच्या अर्ध्यावर सुरुवात करून बघा. लोह पेरॉक्साइडच्या विसाव्या हिश्शाने धरलं तर ८.५ ग्रॅम, आणि हिराकसात लोह पाचवा भाग असतं म्हणून हिराकस साधारण ४२ ग्रॅम. हे सुरुवातीचे आकडे आहेत. नेमकी मात्रा तुमच्या पाण्यावर लहान चाचण्या करूनच ठरते.

ट्रे उथळ हवी. १० सेंटिमीटर खोली ठेवली तर २०० लिटरला दोन चौरस मीटर जागा पुरते, गच्चीवर सहज मावते. स्पेनमधल्या अल्मेरियाच्या सौर संशोधन केंद्रातही ५ ते १५ सेंटिमीटर खोलीच्या अशा उथळ वाहत्या टाक्यांवर काम झालं आहे. ट्रे फायबरची किंवा एचडीपीई प्लास्टिकची घ्या. लोखंडी पत्रा आणि सिमेंटचा हौद दोन्ही अ‍ॅसिडने खाल्ले जातात.

क्रम बदलू नका. आधी पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडने पीएच ३ च्या जवळ आणा (पातळ करताना अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही). मग हिराकस वेगळ्या पाण्यात विरघळवून घाला. शेवटी पेरॉक्साइड, तेही एकदम नाही तर चार-पाच हप्त्यांत, अर्ध्या-अर्ध्या तासाने. एकदम ओतलं तर जास्तीचं पेरॉक्साइड स्वतःच रॅडिकल गिळून टाकतं. छोट्या पंपाने पाणी फिरतं ठेवा.

पहिल्या हप्त्यानंतर बघण्यासारखं असतं. राणी रंग आधी जांभळट होतो, मग विटकरी, मग चहासारखा, आणि पुढे फिका पिवळा. तो पिवळेपणा बहुतेक लोहाचाच असतो.

५० टक्के पेरॉक्साइड कातडीला लागलं तर जागा पांढरी पडून भाजते. रबरी हातमोजे, चष्मा आणि जवळ भरलेली पाण्याची बादली असल्याशिवाय कॅन उघडू नका. कॅनचं झाकण हवा सुटेल असंच ठेवा, घट्ट बंद करू नका. उरलेलं पेरॉक्साइड कॅनमध्ये परत ओतू नका, लोहाचा कण गेला तरी ते आतल्या आत फुटायला लागतं. आणि पातेल्यातल्या दाट पाण्यावर हा प्रयोग थेट ड्रमभर करू नका, मिश्रण तापून उसळतं.

मीठ जास्त असलेल्या पाण्यात काम मंद होतं, कारण क्लोराइड रॅडिकल खातो. बोअरच्या जड पाण्यातलं बायकार्बोनेटही तेच करतं, पण पीएच ३ ला ते उडून जातं. टायटॅनियमच्या रस्त्याने, पीएच न उतरवता गेलात तर मात्र ते आडवं येतं.

सहावी पायरी: रंगावर न जाता आकडा बघा

सुरुवातीच्या काळात एका कारखान्यात आम्ही दिवसभर राबून काचेसारखं नितळ पाणी काढलं. सगळे खूश. अहवाल आला तर सीओडी फारसा उतरलेलाच नव्हता. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, कारण तोवर आम्ही मालकाला काम झाल्याचं सांगून बसलो होतो.

कारणं दोन होती. अ‍ॅझो रंगात नायट्रोजनच्या दोन अणूंमधला बंध रंग दाखवतो. रॅडिकल आधी तोच तोडतं, म्हणून रंग झटकन जातो. पण रेणूचे तुकडे, त्यात अ‍ॅरोमॅटिक अमाइनसारखे विषारीही, पाण्यातच राहतात. त्यांना तोडायला आणखी काही तास लागतात. दुसरं कारण नमुन्यात उरलेलं पेरॉक्साइड. ते सीओडीच्या तपासणीत वापरलेलं डायक्रोमेट हे रसायन खातं आणि दर मिलिग्रॅमला जवळपास ०.४७ मिलिग्रॅम खोटा सीओडी दाखवतं.

म्हणून पाणी पिवळसर झाल्यावरही ते दुपारी तीनपर्यंत उन्हात राहू द्या. मग पेरॉक्साइड तपासायची कागदी पट्टी बुडवून बघा. पट्टी निळी झाली तर थांबा. संपत आलं की चुन्याच्या निवळीने किंवा कॉस्टिक सोड्याने पीएच ८ च्या आसपास आणा. उरलंसुरलं पेरॉक्साइड तिथे फुटतं आणि लोह तपकिरी गोळे होऊन खाली बसतं. रात्रभर स्थिर ठेवून वरचं पाणी काढा, पुन्हा पट्टी लावा, आणि मगच नमुना प्रयोगशाळेत द्या. जिवाणूंच्या टाकीत सोडायचं असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. पेरॉक्साइड जखमेवरचे जंतू मारतं तसंच तुमच्या टाकीतले पोसलेले जिवाणूही मारतं.

सीओडीची तपासणी कारखान्यातच करत असाल तर त्या नळ्यांतलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. त्यात क्रोमियम आणि पारा असतो. वेगळ्या कॅनमध्ये साठवून अधिकृत विल्हेवाटीला द्या.

ऊन नसेल तेव्हा

जून ते सप्टेंबर नाशिकचं आभाळ भरलेलं असतं. ढगातूनही थोडा अतिनील प्रकाश येतो, पण त्यावर कारखान्याचं वेळापत्रक बांधता येत नाही. पावसाळ्यासाठी तीन पर्याय आहेत.

साधा फेंटन, म्हणजे तीच कृती उन्हाशिवाय. लोह जास्त लागतं, गाळ जास्त पडतो, पण चालतं. छोट्यांनी हेच करावं.

यूव्ही दिवा आणि पेरॉक्साइड, यात २५४ नॅनोमीटरचा दिवा लागतो. पाणी आधीच जवळजवळ रंगहीन असेल तरच याचा विचार करा, रंगीत पाण्यात हा प्रकाश काही मिलिमीटरांतच संपतो. क्वार्ट्‌झच्या नळीवर जड पाण्याचा थर बसतो, तो सायट्रिक अ‍ॅसिडने नियमित काढावा लागतो. दिवा निळा दिसतो म्हणजे अतिनील देतोच असं समजू नका, जुना झाल्यावर निळा उजेड राहतो आणि कामाचा भाग घटतो. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: माझ्या पाण्यातलं प्रदूषण एक-दशांशावर आणायला घनमीटरला किती युनिट वीज लागेल? माझ्या पाण्यावर चाचणी करून उत्तर द्या म्हणावं.

ओझोन रंगावर चांगला चालतो, पण विजेचा खर्च आणि गळतीचा धोका पाहता छोट्या युनिटला मी सुचवत नाही. सक्रिय कोळसा शेवटचा फिल्टर म्हणून ठीक आहे. तो घाण नष्ट करत नाही, स्वतःत साठवतो, म्हणून भरलेला कोळसा कुठे जाणार हे आधी ठरवा.

सातवी पायरी: गाळ आणि वही

लोहाचा तपकिरी गाळ जाड कापडी पिशवीत टांगून निथळा, सावलीत वाळवा. हा रासायनिक प्रक्रियेचा गाळ २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांखाली येतो. शेताच्या बांधावर, वीटभट्टीला किंवा घंटागाडीत देऊ नका. वजन करून नोंद ठेवा आणि अधिकृत संस्थेकडेच पाठवा.

शुद्ध झालेलं पाणी परत वापरायचं असेल तर, येवल्यासारख्या पाण्याच्या टंचाईच्या तालुक्यात वापरायलाच हवं, ते लडींच्या पहिल्या धुण्याला घ्या. रंगाच्या पातेल्यात घेऊ नका. क्षार आणि लोहाचा अंश राहिलेला असतो, त्याने रंगाची छटा बिघडते.

आणि एक दोनशे पानी वही. तारीख, कोणता रंग, किती लिटर, आधीचा सीओडी, तुरटी, हिराकस, पेरॉक्साइड, आभाळ कसं होतं, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, पट्टीचा रंग, नंतरचा सीओडी. राणी रंगाला चार तास पुरले आणि मोरपंखीला दोन दिवस लागले, हे महिन्याभरात त्या वहीतूनच कळतं. मग मोरपंखीची रंगाई कडक उन्हाच्या फेब्रुवारी-मार्चकडे सरकवायची की पावसाळ्यात त्यासाठी हिराकस वाढवून ठेवायचं, हे ठरवता येतं.